बंदूक ही उसनी देण्याची वस्तू नव्हे



आपल्या गावगाड्यात उसनवारीशिवाय कुणाचे भागत नाही. पेरणीला एकाची पाभर दुसऱ्याच्या रानात जाते. आपला फवारणीचा पंप पाहुण्यांकडे असतो, पाहुण्यांची ताडपत्री आपल्या कांद्यावर असते. वस्तू महिनाभर उशिरा परत आली तरी कुणी मनाला लावून घेत नाही. अडीनडीला उपयोगी पडतो तोच खरा सोयरा, अशी आपली रीत आहे. ही रीत चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे.

पण घरात एक वस्तू अशी असते की ती या रीतीत बसत नाही. ती म्हणजे परवान्यावर घेतलेली बंदूक.

बियाणे, खते आणि फवारणीबद्दल बोलणारा माणूस आज बंदुकीवर कसा काय बोलायला लागला, असे आपणास वाटेल. त्याचे कारण साधे आहे. शेतकऱ्याच्या घरातली बंदूक बहुतेक वेळा पिकाच्या राखणीसाठी म्हणून आलेली असते, आणि घराबाहेर जाते तीही पिकाच्या राखणीचेच निमित्त सांगून. एकदा नातेवाइकाकडे गेली आणि परत आली नाही, की मग पीक बाजूला राहते आणि कोर्टकचेरी मागे लागते. म्हणून या पत्रकात तीन गोष्टी पाहू. बंदूक उसनी का देता येत नाही, दिली गेलीच असेल तर ती परत कशी आणावी, आणि मागायला आलेल्या पाहुण्यांची गरज दुसऱ्या कोणत्या मार्गाने भागवावी.

बंदूक घराबाहेर जाते कशी?

भीमेच्या एका काठाला दौंड तालुका, दुसऱ्या काठाला शिरूर तालुका. दोन्ही काठांना ऊस आणि दोन्ही काठांची एकमेकांत सोयरीक. समजा, तुमचे गाव दौंड तालुक्यात आहे आणि बहीण दिली आहे पलीकडे शिरूर तालुक्यात. एक दिवस दाजी येतात. चहापाणी होते. निघताना म्हणतात, "अरे, रानडुकरांनी मका पार आडवा केला. तुझी बारा बोअर नुसती खुंटीला टांगलीय. चार रात्री दे. दोन बार काढले की पळतील. पुढच्या बाजारी आणून देतो."

आता बहीण दिलेल्या घराला नाही कसे म्हणायचे? तेवढ्यात आई आतून म्हणते, "दे रे, परकं कोण आहे?" बंदूक पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवरून जाते. सोबत पाच-सहा काडतुसेही जातात.

चार रात्रींचे चार आठवडे होतात. मका निघतो, उसाला तोड येते. तुम्ही विचारले की उत्तर येते, "आणतो की, पळून चाललीय का?" पुन्हा विचारले की, "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. बहिणीला सांगावे तर तिच्या संसारात कालवाकालव. दिवाळीला तोंडे फुगतात. बघता बघता वर्ष जाते.

हा प्रसंग उदाहरणादाखल सांगितला. यात दाजींच्या जागी साडू, चुलतभाऊ, मामा किंवा भाचा घाला, गोष्ट तीच राहते. मागणारा वाईट असतो असे नाही. देणाराही मायेपोटीच देतो. पण कायदा माया बघत नाही, ताबा बघतो.

परवाना कुणाचा आणि कशाचा?

आपल्या देशात शस्त्रांविषयी १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ सालचे आहेत. या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय कोणालाही बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही.

ग्रामीण भागात हा परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्ज आला की पोलिसांकडून चौकशी होते. माणूस कसा आहे, त्याच्यावर काही गुन्हा आहे का, त्याला बंदुकीची गरज आहे का, हे पाहिले जाते. म्हणजे परवाना हा घराला नाही, शेताला नाही आणि खानदानालाही नाही. तो एका माणसाला दिलेला असतो, आणि तोही ठरावीक बंदुकीसाठी. त्या बंदुकीचा प्रकार आणि तिच्यावरचा क्रमांक परवान्यात लिहिलेला असतो. माणूस बदलला की परवाना लागू राहत नाही.

ट्रॅक्टरचेच पाहा ना. तुमचा ट्रॅक्टर दाजींनी चालवला, तर त्यांच्याकडे त्यांचे लायसन असले म्हणजे झाले. बंदुकीचे तसे नाही. चौकशी तुमची झालेली आहे, दाजींची नाही.

पिकाच्या राखणीसाठी कायद्याने मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. ठासणीच्या बंदुकीने काम भागणार नाही अशी खात्री पटली, तर काडतुसाची बंदूकही देता येते. पण "आमची साधी ठासणीची आहे, तिला काय होतंय?" असे काही जण म्हणतात, ते बरोबर नाही. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि तीही उसनी देता येत नाही.

आणखी एक गोष्ट. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रासाठी आहे, हे लिहिलेले असते. आपला परवाना आजच काढून ते वाचा. शिरूरकरांनी तर हे जरूर पाहावे, कारण घोड नदी ओलांडली की जिल्हाच बदलतो. पलीकडे पारनेर आणि श्रीगोंदा, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर. आपल्याला ते नुसते पलीकडचे गाव वाटते, कायद्याला ते दुसरे क्षेत्र असू शकते.

मग काहीच सूट नाही का?

थोडी आहे, आणि ती नीट समजून घ्यावी. परवानाधारक स्वतः हजर असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस बंदूक वाहून नेऊ शकतो. पण ती फक्त तीन कामांसाठी: बंदूक दुरुस्तीला नेणे, परवान्याच्या नूतनीकरणासाठी नेणे, किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी नेणे. "माझ्या दाजींना डुकरे हाकायला बंदूक दिली आहे," अशी चिठ्ठी या सवलतीत बसत नाही. अशी चिठ्ठी उलट तुमच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसते.

दाजींकडे त्यांचा स्वतःचा परवाना असेल तर? तरीही हातोहात देता येत नाही. परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या पात्र माणसाला विकायची किंवा हस्तांतरित करायची असेल, तर आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते. घेणाऱ्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो. त्यानंतर निदान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याच्या परवान्यावरही त्या बंदुकीची नोंद व्हावी लागते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात.

कोण कोण अडकते?

पहिले तुम्ही. समोरचा माणूस हत्यार बाळगायला पात्र आहे की नाही याची खात्री न करता ते त्याच्या ताब्यात देणे, हा कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. परवाना निलंबित किंवा रद्द होतो तो वेगळाच. एकदा रद्द झालेला परवाना पुन्हा मिळवणे सोपे नाही.

दुसरे दाजी. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा तर त्याहून मोठा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. "बंदूक माझी नाही, मेव्हण्याची आहे," हे उत्तर त्यांना वाचवत नाही. परवाना त्यांच्या नावाचा नाही, एवढेच पुरेसे होते.

आणि तिसरी तुमची बहीण. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, म्हणून नीट वाचा. या कायद्याचे कलम ३५ असे सांगते की, जी जागा अनेकांच्या एकत्र ताब्यात आहे तिथे असे हत्यार सापडले, आणि ते तिथे आहे हे ज्यांना माहीत होते असे मानायला कारण असेल, तर उलट शाबीत होईपर्यंत त्या प्रत्येकाला जबाबदार धरता येते. बंदूक धान्याच्या कणगीमागे ठेवली आहे हे घरच्या बाईला माहीत नसेल असे कोण म्हणेल? बहिणीच्या घराला नाही म्हणवत नाही, म्हणून आपण बंदूक देतो. पण त्या बंदुकीने आपण बहिणीलाच अडचणीत टाकलेले असते. नकार दिला तर दाजी चार दिवस रुसतील. दिली तर बहिणीच्या दारात पोलीस येऊ शकतात. यातले बहिणीच्या मायेचे काम कोणते, ते ज्याने त्याने ठरवावे.

काही जण म्हणतील, बंदूक एकदा हातातून गेली म्हणजे आपण मोकळे. तसेही नाही. १९७२ साली गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ताबा म्हणजे काय याचा खुलासा केला. वस्तू प्रत्यक्ष हातात असणे एवढाच ताबा नव्हे. वस्तू दुसऱ्याकडे ठेवली असली, तरी तिच्यावर ज्याची सत्ता चालते, ज्याच्या सांगण्यावरून ती तिथे आहे, त्याचाही ताबा मानता येतो, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा "दिली ती दिली" म्हणून सुटका होत नाही.

बंदूक घरात नाही हे उघड होते केव्हा?

नेमके नको त्या वेळी.

एक, निवडणुकीत. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांच्या यादीची छाननी होते आणि अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. नोटीस हातात पडते, मुदत थोड्या दिवसांची असते, आणि बंदूक नदीपलीकडे.

दोन, नूतनीकरणाच्या वेळी. परवान्याची मुदत संपत आली की बंदूक दाखवावी लागते. पोलिसांनी केव्हाही तपासणीला मागितली तरी ती हजर करावी लागते.

तीन, लग्नात. मक्यासाठी नेलेली बंदूक वरातीत निघते. कुणीतरी भाचा हौसेने बार काढतो. वरातीत, देवळापाशी किंवा समारंभात असा निष्काळजीपणे बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आणि छर्रा कुणाला लागला, तर मग कायद्याच्या कलमांपेक्षा मोठे दुःख दोन्ही घरांच्या वाट्याला येते.

चार, भांडणात. बांधाचा वाद, पाण्याच्या पाळीचा वाद, दारूच्या भरातला वाद. हाताशी काठी असली तर डोके फुटते, बंदूक असली तर माणूस जातो. आणि कर्जाने किंवा घरच्या कटकटीने जो माणूस जीवाला विटला आहे, त्याच्या घरात तर बंदूक असताच कामा नये.

पाच, शिकारीत. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. दौंडला लागून बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथला चिंकारा माळावर बाहेरही येतो. तुमच्या बंदुकीने कुणी चिंकारा किंवा मोर टिपला, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली कमीत कमी तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. बंदुकीवरचा क्रमांक पोलिसांना तुमच्याच दारात आणून सोडतो.

दिलेली बंदूक परत आणण्याची रीत

ज्यांची बंदूक आज दुसऱ्याकडे आहे त्यांनी पुढील क्रमाने जावे.

१) कागद आधी हातात घ्या. परवान्याची मूळ प्रत शोधा. बंदुकीचा प्रकार, तिच्यावरचा क्रमांक, परवान्यावरचा यूआयएन क्रमांक आणि परवान्याची मुदत वहीत उतरवून ठेवा. बंदूक कोणत्या तारखेला, कुणाला, किती काडतुसांसह गेली हेही लिहा.

२) स्वतः जा. "घेऊन या" असा निरोप धाडू नका, कारण त्यांनी ती रस्त्याने आणणे हाच गुन्हा होतो. मूळ परवाना बरोबर घ्या. दिवसाउजेडी जा. जाणता माणूस सोबत असावा. तिथे जुने हिशेब काढू नका. एवढेच म्हणा, "दाजी, परवान्याची तपासणी होते, बंदूक माझ्या घरात नसली तर तुम्ही, ताई आणि मी, तिघेही अडकू."

३) घेताना तपासा. बंदुकीवरचा क्रमांक परवान्याशी जुळतो का पाहा. नळी जमिनीकडे धरून बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. ठासणीची बंदूक भरलेली असेल तर ती स्वतः रिकामी करण्याचा खटाटोप करू नका, जाणकाराकडून करून घ्या. उरलेली काडतुसे मोजून घ्या. तीही तुमच्याच परवान्यावरची आहेत. बंदूक रिकामी करून, खोळीत घालून, सरळ घरी आणा. वाटेत जत्रा, बाजार किंवा लग्न असेल तिथे थांबू नका.

४) दाजी रागात असतील, प्यालेले असतील, किंवा त्या घरात भांडण चालू असेल, तर जाऊच नका. हे काम पोलिसांचे आहे. धोका दिसला तर ११२ क्रमांकावर फोन करा. त्या बंदुकीने काही बरेवाईट झाल्याची शंका आली, तर तिला हात लावू नका, पुसू नका, हलवू नका. आधी पोलिसांना कळवा.

५) मागूनही मिळाली नाही, किंवा "इथं नाही, दुसऱ्याकडं दिली" असे उत्तर आले, तर एक दिवसही थांबू नका. आपल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचे काम पाहणाऱ्या शाखेला पाठवा. अर्जापूर्वी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा, कारण देण्यात तुमचीही चूक झालेली असते. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावरही कायद्याचा मोफत सल्ला मिळतो.

६) खोटी चोरी सांगू नका. "बंदूक चोरीला गेली म्हणून सांगून टाक," असा सल्ला देणारे गावात भेटतात. पोलिसांना खोटी खबर देणे हा वेगळा गुन्हा आहे. पुढे ती बंदूक दाजींच्या घरात सापडली, तर त्यांच्यावर चोरीचा आळ आणि तुमच्यावर खोटेपणाचा, अशी दोन्ही घरे बुडतात. खरोखर हरवली किंवा चोरीला गेली असेल, तर मात्र ताबडतोब ठाण्यात कळवणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे.

कुणाला वाटेल, पोलिसांत कळवणे म्हणजे नात्यावर निखारे ठेवणे. पण विश्वासाने दिलेली वस्तू मागूनही परत न करणे आणि ती आपलीशी करणे, हा कायद्याने विश्वासघात आहे. तो तुम्ही केलेला नाही. आपण होऊन लवकर कळवलेल्या माणसाकडे आणि वर्षभर लपवून शेवटी सापडलेल्या माणसाकडे एकाच नजरेने पाहिले जात नाही. उशीर जितका, संशय तितका.

अर्जाचा नमुना

प्रति, मा. पोलीस निरीक्षक, पोलीस ठाणे ........

विषय: परवान्यावरील बंदूक परत न मिळाल्याबाबत.

मी खाली सही करणार, राहणार ........, तालुका ........, अर्ज करतो की, माझे नावे शस्त्र परवाना क्रमांक ........, यूआयएन क्रमांक ........ असून त्यावर ........ प्रकारची बंदूक, क्रमांक ........ नोंद आहे. सदर बंदूक व काडतुसे नग .... ही दिनांक ........ पासून माझे नातेवाईक (नाव, नाते, गाव) यांचेकडे आहेत. दिनांक ........ व ........ रोजी समक्ष मागणी करूनही त्यांनी ती परत केलेली नाहीत. तरी सदर बंदूक ताब्यात घेऊन पुढील योग्य ती तजवीज व्हावी, ही विनंती.

सोबत: परवान्याची प्रत.

तारखा आणि नग खरेच लिहा. आठवत नसेल तर "सुमारे" असा शब्द घाला, पण बनवून लिहू नका.

दाजींच्या मक्याचे काय?

नुसते नाही म्हणून भागत नाही. दाजींचा मका खरोखर जातो आहे. म्हणून नकाराबरोबर दुसरा मार्ग द्यावा.

रानडुकरांनी किंवा इतर वन्य प्राण्यांनी पीक खाल्ले, तर वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी नुकसान दिसताच, शक्यतो दुसऱ्याच दिवशी, वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत पडलेले पीक उचलू नये. पायांचे ठसे आणि पडलेली ताटे यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. सातबाराचा उतारा जवळ ठेवावा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. उपद्रवी रानडुकरे मारायची असतील तर वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते. ती हातात नसताना परवान्याच्या बंदुकीनेही गोळी घालता येत नाही.

राखणीसाठी शेजाऱ्यांनी मिळून रात्रीच्या पाळ्या लावाव्यात. एकट्याने जाऊ नये, हातात बॅटरी आणि काठी असावी. डबे, फटाके आणि उजेड यांच्या जागा बदलत राहाव्यात, नाहीतर डुकरे सरावतात. बांधाला सौर कुंपणाचे झटका मशीन लावता येते. पण विजेच्या खांबावरून सरळ तारेत करंट सोडण्याचा उद्योग कदापि करू नये. त्याने डुकरापेक्षा आपलाच माणूस मरतो.

आता बिबट्याविषयी. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे दगावली. लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर वनखात्याच्या पथकाने तिथे एक बिबट्या ठार केला. अशा दिवसांत घरात बंदूक असावी, नसली तर पाहुण्यांची आणावी, असे वाटणे साहजिक आहे. पण अंधारात, उसात, नवख्या हाताने झाडलेला बार बिबट्याला लागण्यापेक्षा पलीकडच्या सरीत पाणी धरणाऱ्या माणसाला लागण्याची भीती जास्त. जखमी बिबट्या तर आणखी घातक. बिबट्या मारण्याचा अधिकार वनखात्याच्या वरिष्ठांच्या लेखी हुकुमाशिवाय कुणाला नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रसंग आला तर ती गोष्ट वेगळी, पण त्यासाठी उसनी बंदूक आणून ठेवणे कायद्यात बसत नाही. मुलांना अंधारात एकटे न सोडणे, गोठा बंदिस्त करणे, घराला लागून असलेला ऊस थोडा मागे घेणे आणि १९२६ वर खबर देणे, हीच खरी राखण.

घरातल्या घरातही जपा

वडिलांच्या नावाची बंदूक मुलगा रानात नेतो, हे सर्रास दिसते. मुलगा झाला तरी परवाना त्याचा नाही. वडील सोबत असतील आणि बंदूक वडिलांच्याच वापरासाठी असेल, तर मुलाने ती वाहून नेणे वेगळे. त्याने एकट्याने वापरणे वेगळे.

वडील थकले असतील तर त्यालाही रस्ता आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे झाली, यातले जे आधी होईल तेव्हा त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना मिळू शकतो. त्यासाठी वारसाने अर्ज करावा. परवानाधारक वारल्यास वारसांनी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, मग परवान्यासाठी अर्ज करावा. दहावा-तेराव्याच्या गडबडीत हे राहून जाते. भाऊबंदकीत बंदूक कुणी तरी घेऊन जातो, आणि पुढे ती कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

बंदूक खुंटीला टांगू नये. रिकामी करून कुलपात ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. कुलपाची किल्ली परवानाधारकाच्याच कमरेला असावी. खुंटीची बंदूक प्रत्येक पाहुण्याला दिसते. दिसली की मागावीशी वाटते. पेटीतली बंदूक कुणी मागत नाही. आणि गरजच उरली नसेल, तर बंदूक रीतसर जमा करून परवाना परत करणे हेही शहाणपणाचे आहे.

लक्षात ठेवा

१) परवाना माणसाचा आहे, घराचा नाही. सख्ख्या भावालाही बंदूक उसनी देऊ नका.

२) काडतूस देणेही बंदूक देण्यासारखेच आहे.

३) चिठ्ठी देऊन बंदूक वापरायला देता येत नाही.

४) दिलेली असेल तर मूळ परवाना घेऊन स्वतः जाऊन आणा. मिळाली नाही तर लेखी कळवा आणि पोच घ्या.

५) खोटी चोरी सांगू नका.

६) मागायला आलेल्या पाहुण्यांना वनखात्याचा रस्ता दाखवा. अर्ज लिहायला त्यांच्या सोबत बसा.

बंधूंनो, दाजींना बंदूक नाही म्हणालात, तर त्याच दिवशी चार रात्री त्यांच्या राखणीला स्वतः जा. हातात बॅटरी घ्या, दोन गडी सोबत न्या. नाते बंदुकीने टिकत नाही, असे शेजारी उभे राहिल्याने टिकते. पाभर द्या, पंप द्या, पडत्या काळात दोन पोती धान्य द्या. बंदूक मात्र कुलपात राहू द्या.